तात्या विंचूचें पुनरागमन

वर्सोव्याहून तरीनें खाडी ओलांडून मढला उतरलें म्हणजे एकाच गांवांत दोन मुलुख दिसतात. एक कोळ्यांचा, होड्यांचा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा, दुसरा चित्रपटवाल्यांचा. येथील समुद्रकांठचे बंगले चित्रणासाठीं भाड्यानें मिळतात. एकाच दिवाणखान्यांत आज लग्न लागतें आणि उद्यां खून पडतो. भिंतींना नवा रंग दिला कीं घर नवें! जुनें भूत पुनः उभें करणें हेंही येथें तसेंच सोपें वाटावें. परंतु एका मराठी भुताची हकीगत पाहिली म्हणजे तें तितकें सोपें नाहीं असें आढळून येतें.

तें भूत म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालीं आला तो श्रोत्यांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटाशीं मिळतीजुळती. मरणोन्मुख गुन्हेगार मंत्रबळानें आपला जीव बाहुल्यांत घालतो आणि मग तो बाहुला माणसांच्या जिवावर उठतो. अमेरिकन बाहुला एका लहान मुलाच्या घरीं जातो. मराठी बाहुला मात्र शब्दभ्रमाचे खेळ करणाऱ्या लक्ष्या बोलकेच्या हातीं पडतो. हा फरक लहान दिसला तरी सारें नाट्य त्यांतच आहे. ज्याचा धंदाच बाहुल्याला बोलका करण्याचा, तो ‘बाहुला आपण होऊन बोलतो’ असें सांगूं लागला, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? लोक हंसतात, प्रेक्षकही हंसतो. लक्ष्याच्या डोळ्यांतील भीति मात्र खरी असते.

बाहुल्याचे कर्ते रामदास पाध्ये. अर्धवटरावाला घरोघर पोंचविणारे ते हेच. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आणि लक्ष्या झाले होते लक्ष्मीकांत बेर्डे.

‘झपाटलेला २’ येण्यास २०१३ साल उजाडलें. मध्यंतरीं, १६ डिसेंबर २००४ रोजीं, बेर्डे निवर्तले होते. म्हणून कथेंत त्यांच्या जागीं लक्ष्याचा मुलगा आला आणि ती भूमिका दिग्दर्शकाचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनीं केली. बाहुल्याचा आवाज पुनः प्रभावळकरांचाच. शिवाय चित्रपट त्रिमितीचा. चष्मा लावलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर वस्तु धांवून येत. पण डोळ्यापुढें अचानक कांहीं आलें कीं माणूस दचकतो एवढेंच; दचकणें म्हणजे भिणें नव्हे. त्यांत वीस वर्षें दूरचित्रवाणीनें तात्याला घरचाच करून टाकलेला. जे १९९३ सालीं आईच्या पदराआड तोंड लपवीत होते, ते आतां स्वतःच्या मुलांना घेऊन आले, आणि तात्याचा मंत्र त्या मुलांना आधींच पाठ होता! ओळख वाढली कीं भुताचा दरारा राहत नाहीं.

‘हॅलोविन’ या १९७८ च्या अमेरिकन भयपटाचें २०१८ सालीं पुनरुज्जीवन झालें, तेव्हां मधले सारे भाग बाजूस सारून कथा पहिल्या चित्रपटापासून पुढें नेली गेली. त्यांतील खुनी मुखवटा घालतो. मुखवट्यामागें कोण आहे याची पंचाईत फारसें कोणी करीत नाहीं. पण त्याच्या तावडींतून सुटलेली तरुणी जेमी ली कर्टिस यांनींच पुनः साकार केली. ती आतां आजी झालेली, केस पिकलेले, घराला कडीकुलपें घालून चाळीस वर्षें त्याच खुन्याची वाट पाहत बसलेली. मधला काळ तिच्या चेहऱ्यावरच होता. तो निराळा सांगावा लागला नाहीं.

मराठी चित्रपटाला हें भाग्य लाभलें नाहीं. बाहुला शाबूत, आवाज शाबूत, मंत्रही शाबूत. भिणारा तेवढा गेलेला.

आतां तिसऱ्या भागाची घोषणा झाली आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें बेर्डे यांची छबि पडद्यावर आणण्याची चर्चाही चित्रसृष्टींत झाली आहे. यांतील विलक्षण योगायोग नजरेआड करण्यासारखा नाहीं. तात्यानें आपला जीव परक्या देहांत घातला. येथें परक्या हातांनीं एका दिवंगताच्या देहाचें चित्र हलवावयाचें आहे. ओंठ लक्ष्याचे, बोलविता धनी दुसराच. हा शब्दभ्रमच झाला. पण शब्दभ्रमाच्या खेळांत बाहुला हा बाहुलाच आहे हें प्रेक्षकाला ठाऊक असतें आणि कलावंत शेजारीं उघड बसलेला दिसतो. हा उघडेपणा यंत्राच्या खेळांत नाहीं. कुटुंबीयांच्या संमतीनें कायद्याची अडचण दूर होईल. परंतु हंसतां हंसतां एकाएकीं थिजून जाणारा तो चेहरा संमतीनें परत येणार नाहीं.

त्यापेक्षां लक्ष्याची खुर्ची रिकामीच ठेवावी, तिच्या पाठीला त्याचा सदरा अडकवावा, आणि बाहुल्याला समोर बसवावें. आपल्याला पाहून तसें भिणारा माणूस आतां कोणीच उरला नाहीं, हें तात्याला तेथें कळावें. या दृश्याला यंत्र लागणार नाहीं. मढच्या एखाद्या भाड्याच्या दिवाणखान्यांत तें एका दुपारींही टिपतां येईल.