नकार हाच गुन्हा

आपल्यापैकी अनेकांची मुलं कॅनडात शिकतात, नोकरी करतात, गाडी चालवतात.
आजची माहिती खास त्यांच्यासाठी.

पोलीस गाडी थांबवतात.
खिडकीतून श्वासातली दारू तपासणारं एक छोटं यंत्र पुढे करतात.
"या नळीत फुंका," असं सांगतात.

डिसेंबर 2018 पासून त्यासाठी दारूचा संशय असावाच लागत नाही.
पोलिसाकडे यंत्र हवं, आणि गाडी कायदेशीरपणे थांबवलेली हवी.
एवढं पुरतं.

"मी प्यायलोच नाही, मग कशाला फुंकू?"
असं म्हणून अडून बसू नये.
वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार हाच गुन्हा आहे.
पोटात दारूचा थेंबही नसला, तरी!

"आधी वकिलाशी बोलतो," हेही तिथे रस्त्यावर चालत नाही.

पहिल्याच वेळी दोषी ठरलं, तर किमान 2 हजार डॉलर दंड.
शिवाय गाडी चालवण्यावर बंदी.
पुन्हा तेच केलं, तर तुरुंग.

परदेशी नागरिकाला खरी झळ पुढे बसते.
या गुन्ह्याची कमाल शिक्षा 10 वर्षं तुरुंगवास आहे, म्हणून इमिग्रेशन कायद्यात तो गंभीर गुन्हा ठरतो.
त्यामुळे व्हिसाच काय, पीआर म्हणजे कायमस्वरूपी राहण्याचा हक्कसुद्धा धोक्यात येऊ शकतो.

म्हणून पुन्हा सांगते,
नकार हाच गुन्हा.
पोलिसांचं चुकलं असं वाटलं, तरी आधी फुंका.
दाद नंतर वकिलामार्फत मागा.