कै. विजय हजारे आणि आमचे तरुण
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूनें क्रिकेटवर बोलावें हें कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस रुचणार नाहीं. परंतु आपल्या धर्मग्रामांतील तरुण रविवारीं मिस्सा आटोपतांच, आणि खरें सांगावयाचें तर कधीं कधीं ती आटोपण्यापूर्वींच, बॅट घेऊन मैदानाकडे धांवतात. पालघर-माहीमचे श्री. शार्दूल ठाकूर बोईसरच्या शाळेंत शिकले, आगगाडीनें मुंबईस जाऊन खेळले, आणि मार्च २०२४ मध्यें मुंबईनें रणजी करंडक जिंकला तेव्हां त्यांची फलंदाजी व गोलंदाजी दोन्ही कामास आलीं. हें पाहून पालघरपासून तारापूरपर्यंत प्रत्येक आईबापास आपला मुलगाहि तसाच निपजेल असें वाटूं लागलें आहे. कित्येक मुलांनीं त्यापायीं अभ्यास सोडला. म्हणून आज आम्हीं हा विषय घेतला.

कै. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस एका शिक्षकाच्या घरीं झाला. कुटुंब मराठी ख्रिस्ती. आपल्या पंथाचें नव्हे, प्रॉटेस्टंट. ते फलंदाज म्हणून अधिक गाजले, तरी अष्टपैलू होते. मध्यमगती गोलंदाजीनें त्यांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५९५ बळी घेतले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यांत खुद्द ब्रॅडमन यांचा त्रिफळा त्यांनीं उडविला, आणि ॲडलेड येथें एकाच कसोटींत ११६ व १४५ धांवा काढिल्या.

पण आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट मुंबईची. त्या काळीं तेथें धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि १९३७ पासून उरलेल्या सर्वांचा एक संघ, त्याचें नांव 'इतर'. आपण ख्रिस्ती लोक या 'इतरां'त! १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न मैदानावर हिंदु संघानें ५८१ धांवा करून डाव घोषित केला. इतर संघ १३३ धांवांत गारद झाला. त्यांतील ५९ एकट्या हजाऱ्यांच्या. लागलीच दुसरा डाव खेळावा लागला. एका बाजूनें गडी बाद होत गेले, तेव्हां त्यांचे बंधु विवेक साथीस आले. दोघां भावांनीं ३०० धांवांची भागी केली, आणि त्या तीनशेंत विवेकच्या धांवा होत्या अवघ्या २१! डाव ३८७ वर संपला. विजय यांच्या ३०९. सामना मात्र एक डाव व ६१ धांवांनीं गेलाच. त्या ३०९ धांवांची कीर्ति सर्वत्र झाली. आम्हांस मात्र विवेकच्या २१ धांवांचें कौतुक अधिक वाटतें. धर्मवार सामने १९४६ नंतर बंद पडले, तें बरेंच झालें.

फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार हजारेच होते. पण स्वभाव भिडस्त. कर्णधारपदाचा भार त्यांस जड गेला, आणि १९५३ सालीं त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

येथून पुढची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. वय अडतीस. जग जिंकून आलेला हा गृहस्थ बडोद्याकडून रणजीचे सामने खेळत राहिला. १९५७-५८ सालीं बडोद्यानें करंडकहि जिंकला. १९६० सालीं पद्मश्री मिळाली. पुढें निवडसमितीवर काम केलें, आत्मचरित्र लिहिलें, आणि १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोद्यासच देह ठेविला. आज देशांतील एकदिवसीय स्पर्धेचा करंडक त्यांच्या नांवाचा आहे.

हें त्यांस साधलें, कारण पाठीशीं बडोदा संस्थानची नोकरी होती. संस्थानें गेलीं. पुढें रेल्वे, बँका व तेलकंपन्या खेळाडूंस नोकरी देऊं लागल्या, पण ती मोजक्यांनाच. आमच्या ओळखीचा एक तरुण टेनिस चेंडूच्या सामन्यांत या सबंध किनाऱ्यावर गाजला. बत्तिसाव्या वर्षीं गुडघा गेला. दहावीहि पुरी नाहीं. आज तो तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटी मजुरी करतो, आणि घरीं बक्षिसांचे पेले धूळ खात पडले आहेत. त्याचे आईबाप आम्हांस विचारतात, "फादर, आतां काय?" ह्या प्रश्नाचें उत्तर सोळाव्या वर्षीं देतां येतें, बत्तिसाव्या वर्षीं फार कठीण जातें.

तेव्हां युवक मंडळाच्या चिटणीसांस आमची विनंती आहे कीं, पुढील स्पर्धेच्या अर्जांत वयाच्या रकान्याशेजारीं शिक्षणाचा एक रकाना घालावा. आणि पहिला सामना दुसऱ्या मिस्सेनंतर ठेवावा.