शहराचे प्रगतिपुस्तक

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



प्रगतिपुस्तक या शब्दाचा अर्थ या सभागृहात कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. ते घरी जाई, त्यावर पालकांची सही होई आणि सही होण्यापूर्वी घरात जे काही घडे तेही अनेकांच्या स्मरणात असेल. गुण देणारे शिक्षक आणि घेणारा विद्यार्थी, अशी त्याची दिशा ठरलेली असे. १९९३ साली बंगळुरूमध्ये ही दिशा उलटी झाली. पाणी, वीज, टेलिफोन, घरबांधणीचे भूखंड अशा सेवा देणाऱ्या सार्वजनिक संस्थांना त्या शहरातील नागरिकांनी गुण दिले आणि पुढच्या वर्षी ते गुण जाहीर झाले.

या उपक्रमामागे डॉ. सॅम्युएल पॉल होते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे ते माजी संचालक. त्यांचा मूळ प्रश्न अगदी साधा होता. साबण विकणारी कंपनी आपल्या ग्राहकाला पुन्हा पुन्हा विचारते, की वस्तू कशी वाटली; मग पाणीपुरवठा मंडळ तसे का विचारत नाही? उत्तरही उघड होते. वाण्याने खडे मिसळलेला तांदूळ दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. पाण्याचे मंडळ मात्र एकच, विजेचे मंडळ एकच. जेथे दुकान बदलता येत नाही तेथे ग्राहकाच्या हाती केवळ बोलणे उरते, असे अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले होते. आणि एकट्यादुकट्याचे बोलणे कचेरीच्या खिडकीपाशी विरून जाते. त्याला कुरकुर म्हणतात.

कुरकुरीची माहिती कशी होते, हे या प्रयोगाचे खरे मर्म आहे. सुमारे बाराशे कुटुंबांना प्रश्न विचारले गेले. त्यांत मध्यमवर्गीय घरे होती, तशीच झोपडवस्तीतील घरेही होती. झोपडवस्तीचा विचार स्वतंत्रपणे झाला, कारण तेथील अनुभव सरासरीत बुडून जाण्याचा धोका होता. 'महापालिका कशी वाटते?' असा ढोबळ प्रश्न पुरेसा नव्हता. ज्यांचा त्या कार्यालयाशी खरोखर संबंध आला होता त्यांनाच विचारायचे: कामासाठी किती खेपा घालाव्या लागल्या, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती, काम झाले का, वरचे पैसे द्यावे लागले का? ऐकीव गोष्टीला या कोष्टकात जागा नव्हती. ज्याला स्वतःचा अनुभव नाही त्याचे मत मोजायचे नाही, हा नियम वरकरणी कठोर वाटेल; पण उत्तरांना वजन आले ते या नियमामुळे.

निकाल लागला तो लाजिरवाणा होता. बंगळुरू विकास प्राधिकरणाच्या कामाबद्दल समाधान व्यक्त करणारे शंभरांत जेमतेम एक निघाले. इतर संस्थाही फार वर नव्हत्या. वृत्तपत्रांनी हे आकडे छापले. पुष्कळ कार्यालयांनी मौन पत्करले. कौतुकाची गोष्ट अशी, की मदतीसाठी आधी पुढे आले ते सर्वांत खाली असलेले विकास प्राधिकरणच. नापास झालेल्या मुलाने स्वतः होऊन शिकवणीची चौकशी करावी, तसे हे घडले. १९९४ साली याच कामातून 'पब्लिक अफेअर्स सेंटर' ही संस्था उभी राहिली. तिने १९९९ मध्ये दुसरे आणि २००३ मध्ये तिसरे प्रगतिपुस्तक तयार केले. दुसऱ्यात सुधारणा दिसली, तिसऱ्यात ती ठळक झाली.

सुधारणेचे सारे श्रेय या पाहणीला देणे अतिशयोक्तीचे होईल. १९९९ च्या अखेरीस कर्नाटकात एस. एम. कृष्णा यांचे सरकार आले, नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली शहरासाठी कृतिदल नेमले गेले आणि पैसाही उपलब्ध झाला. परंतु कोठे हात घालायचा हे ठरवताना मोजलेले काहीतरी समोर होते, हे महत्त्वाचे. आणि या काळात नागरिकांवरही काही सोपवले गेले. २००० साली महापालिकेने मालमत्ता कराच्या स्वयंमूल्यांकनाची योजना आणली. घराचे क्षेत्रफळ, विभाग, बांधकामाचा प्रकार पाहून कर किती होतो तो मालकाने स्वतः काढायचा आणि भरायचा. दोन वर्षांनी 'प्रूफ' नावाच्या मोहिमेत नागरिकांच्या संस्थांनी महापालिकेकडून तिमाही हिशेब मागितले व ते जाहीरपणे तपासले. आपला हिशेब खरा देणाऱ्यालाच समोरच्याचा हिशेब मागण्याचे तोंड असते.

एवढे होऊनही २०२४ च्या उन्हाळ्यात हेच शहर पाण्यासाठी टँकरच्या मागे धावत होते. शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी उपसून आणणारे शहर. त्याच्या कडेच्या, नंतर महापालिकेत आलेल्या गावांपर्यंत ती नळवाहिनी पोचलेली नव्हती आणि विंधनविहिरी आटल्या होत्या. मार्चमध्ये प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले: पाच किलोमीटरच्या आत सहा हजार लिटरला ६०० रुपये, बारा हजार लिटरला १००० रुपये. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे दिवस चांगले आठवत असतील.

दर बांधता आला, पण त्या टँकरमध्ये काय आहे हे कसे कळणार? पुष्कळ गृहसंकुलांत एक छोटे यंत्र पाण्यात बुडवून विरघळलेल्या क्षारांचा आकडा पाहतात आणि तो कमी आला की पाणी शुद्ध म्हणून मोकळे होतात. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, हे खरे. पण त्याच मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये, आणि त्या यंत्राला जिवाणू दिसत नाहीत. क्षार कमी असलेले पाणीही आजार देऊ शकते. अर्धी माहिती ही अज्ञानाहून घातक, कारण अज्ञानी माणूस निदान पाणी उकळून पितो.

एकट्याला जे परवडत नाही ते चौघांना परवडते, ही जाण महाराष्ट्रात जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचा जिन्नस एकत्र मागवायचा, तो वाटून घेण्याचे काम स्वतः करायचे. देशात ग्राहक संरक्षण कायदा व्हायला १९८६ साल उजाडले. त्याआधी दशकभर मध्यमवर्गीय गृहिणी धान्य निवडता निवडता गुणवत्तेचा विचार करीत होत्या. प्रयोगशाळेत पाणी तपासून घेण्याचा खर्च एका घराला जड वाटेल, साठ घरांच्या संकुलाला नाही. हे ग्राहक पंचायतीचेच गणित आहे.

आज मत देणे फार सोपे झाले आहे. बोटाने पाच तारे उमटवले की झाले. ते तारे विकतही मिळतात, म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात मानक ब्यूरोला ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढावे लागले. अभिप्राय लिहिणारा खरा आहे का, पैसे घेऊन लिहिलेला मजकूर तर नाही ना, हे तपासण्याचे नियम त्यात आहेत. पण ते पाळणे ऐच्छिक आहे. १९९३ च्या बंगळुरूतील प्रश्नकर्ते दारोदार जाऊन जे विचारत होते, तेच येथे नियमांच्या भाषेत आले आहे: तुम्ही ही सेवा खरोखर घेतली होती का?

हा प्रश्न शाळेच्या दारापर्यंत आणला पाहिजे. मराठी माध्यमाच्या शाळांविषयी पालकांचे मत कसे बनते? बहुतांशी शेजाऱ्यावरून, नातलगांच्या लग्नातल्या गप्पांवरून, गणवेशाच्या रंगावरून. मुलाला वाचता येते का, हे फार थोडे पाहतात. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' ही पाहणी प्रसिद्ध होऊ लागली. स्वयंसेवक ग्रामीण भागातील घरांत जातात आणि प्रत्येक मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट. आई शेजारीच बसलेली असते. स्वतः शाळेत न गेलेल्या आईलाही त्या दोन मिनिटांत कळते, की आपले मूल अडखळते आहे. शाळेच्या गुणवत्तेची इतकी स्वस्त आणि इतकी विश्वासार्ह माहिती दुसरी नसेल. माध्यमाचा वाद त्यानंतर करावा.

आणि या निमित्ताने स्मरणिकेचाही विचार करायला हरकत नाही. हीरक महोत्सवी ग्रंथात आठवणी लिहितात ते डॉक्टर, अभियंते, अधिकारी, प्राध्यापक. त्यांचे प्रेम निर्विवाद आहे. तरीही बंगळुरूच्या कसोटीने पाहिले तर हा नमुना एकांगी ठरतो; जणू झोपडवस्ती वगळून केलेली पाहणी. आठवीत गणित सुटले नाही म्हणून ज्याने शाळा सोडली, घरच्या कामासाठी जिचे नाव काढून घेतले गेले, त्यांचा अभिप्राय यात नाही. शाळेने त्यांना काय दिले, काय द्यायचे राहिले, कोणत्या इयत्तेत हात सुटला, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. त्यांना शोधणे अशक्यही नाही. प्रत्येक शाळेच्या कचेरीत कपाटाच्या खालच्या खणात जनरल रजिस्टर असते. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण, असे दोन्ही रकाने भरलेले असतात.