विज्ञानपट आणि कॅमेऱ्याची करामत



विज्ञानपट कशाला म्हणावे, असे विचारले तर बहुतेक जण उत्तर देतील की, ज्यात अंतराळयान, यंत्रमानव किंवा परग्रहावरचा पाहुणा असतो त्याला. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पडद्यावर काय दाखविले आहे यापेक्षा ते कसे दाखविले आहे, यावरून विज्ञानपटाची जात ठरते, असे आम्हांस वाटते.

आरंभापासून पाहू. ज्यॉर्ज मेलिएस हा पॅरिसचा जादूगार. १९०२ साली त्याने चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढला. त्याची आवडती युक्ती अगदी सोपी होती. कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू काढून घ्यायची, आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. छत्रीचा तडाखा बसताच चंद्रवासी धुराच्या लोटात नाहीसा होतो, तो असा.

आपले दादासाहेब फाळके हेही जादूचे प्रयोग करीत. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) यांतील चमत्कार त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतीनेच साधले. मग एकाचा तो विज्ञानपट आणि दुसऱ्याचा तो पौराणिक पट, असे का? कारण पौराणिक पटातला चमत्कार 'कसा झाला' हे विचारायचे नसते. तेथे हात जोडायचे असतात. विज्ञानपट मात्र प्रेक्षकाला म्हणतो, "हे अद्भुत आहे खरे, पण सृष्टिनियमाला धरून आहे, हवे तर तपासून पाहा." या कसोटीला मेलिएससुद्धा पुरता उतरत नाही. त्याचे प्रवासी कोट-छत्र्या घेऊन तोफेच्या गोळ्यातून चंद्रावर जातात! तो उंबरठ्यावरच राहिला.

उलट फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, केलेला एक लहानसा प्रयोग ध्यानात घ्या. कुंडीत वाटाणा पेरून, रोपाची वाढ ते दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपीत गेले. पडद्यावर ते रोप क्षणार्धात वाढले! दिसले ते नवल. पण त्यात खोटे काहीच नव्हते. आमच्या मते विज्ञानपटाचे बीज त्या कुंडीत सापडते.

ही वृत्ती पुढे पूर्णत्वाला गेली ती स्टॅन्ली क्युब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटात. यानातला एक प्रवासी गोल भिंतीवरून धावत वर जातो आणि खाली येतो. त्यासाठी एक अवाढव्य चक्र बांधले होते. चक्र फिरे, आणि नट मात्र तळाशीच धावत राही. यानातही फिरत्या चक्रामुळेच माणसाला वजन येते, असे कथा सांगते. म्हणजे युक्ती आणि विज्ञान येथे एकाच चाकावर फिरतात. बाहेरच्या पोकळीत हवा नाही, म्हणून तेथे आवाजही नाही. ऐकू येतो तो श्वास तेवढा. मग श्वासही थांबतो, आणि त्या शांततेने अंगावर काटा येतो.

यासाठी पैसाच लागतो असेही नाही. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ साली कालप्रवासाची कथा जवळजवळ सबंध स्थिरचित्रांतून सांगितली. त्यात ना यंत्रे, ना रोषणाई. एका ठिकाणी मात्र निजलेल्या स्त्रीचे डोळे उघडतात. तेवढेच दृश्य हलते. थिजलेला काळ वाहू लागल्याचा प्रत्यय त्या एका हालचालीने येतो.

हा सारा खटाटोप जाणून आपल्याला करायचे काय, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या चित्रपटात आहे. शहराच्या लहान प्रतिकृतीचे प्रतिबिंब आरशात घ्यायचे, आरशाचा काही भाग खरवडून त्यामागचे नट दाखवायचे, आणि माणसे गगनचुंबी नगरीत वावरताहेत असा भास निर्माण करायचा, ही यूजेन शुफ्टानची युक्ती तेथे वापरली. त्याच चित्रपटात मारिया नावाच्या साध्वी तरुणीची हुबेहूब यांत्रिक प्रतिमा कामगारांना भडकविते, आणि ते आपल्याच मुलांचे प्राण संकटात घालतात. खोट्या प्रतिमेचा धोका सांगण्यासाठी दिग्दर्शकाने खोटीच प्रतिमा रचली. पण ती पाहणाऱ्याला सावध करण्यासाठी रचली.

आज संगणक हवे ते दृश्य घडवितो. आरसा नको, चक्र नको. नवल इतके स्वस्त झाले की ते नवल उरले नाही. आणि तसली दृश्ये आता चित्रपटगृहाबाहेरही आपल्या हाती येऊन पडतात. अशा वेळी चांगला विज्ञानपट पाहणे ही करमणूक तर आहेच, पण डोळ्यांची तालीमही आहे. थक्क व्हावे, आणि थक्क होतानाच 'हे कोणत्या नियमाने?' असे विचारावे. ही सवय लागलेला प्रेक्षक सहसा फसणार नाही.