खोट पाहून गिटार घ्यावी

घरातल्या मुलानं किंवा मुलीनं इलेक्ट्रिक गिटार मागितली, की मोठी माणसं किमतीपाशी अडतात. मुलं अडतात ती दुसरीकडेच. स्ट्रॅटोकास्टर की लेस पॉल, हा त्यांचा प्रश्न. दुकानात नमुने पुष्कळ असतात, पण त्यांतले बरेचसे या दोन घराण्यांतले. म्हणून आधी ही घराणी समजून घेऊ.

लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ साली त्यांच्या कंपनीनं स्ट्रॅटोकास्टर आणली. तिच्यावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या डोक्याची छाप आहे. मान स्क्रूनं बसवलेली. ती बिघडली तर चार स्क्रू काढा, दुसरी लावा. गिब्सन ही १९०२ साली मिशिगन राज्यात स्थापन झालेली कंपनी. तिचं वळण जुन्या वाद्यकारागिरांचं. १९५२ मध्ये तिनं लेस पॉल या नामवंत वादकाच्या नावानं गिटार काढली. महॉगनीचं जड अंग, वर मेपलचा थर आणि चिकटवून पक्की केलेली मान.

आता आवाजाचं पाहू. या गिटारींना पोकळ पेटी लागत नाही. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्याला पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली, की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तिचाच पुढे आवाज होतो. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये मुळात एकच वेटोळं. त्यामुळे सूर लख्ख आणि धारदार. पण आसपासच्या विजेची घरघरही त्यात शिरते. ही घरघर रेडिओ ऐकणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे! गिब्सनचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर तोड काढली. दोन वेटोळी अशी उलटसुलट जोडली, की बाहेरची घरघर एकमेकींना मारते आणि तारांचा सूर मात्र दुणावतो. हाच हंबकर. १९५७ पासून तो लेस पॉलवर आला. सूर भरदार झाला, पण धार थोडी बोथटली.

तारांची लांबीही वेगळी. फेंडरची २५.५ इंच, गिब्सनची सुमारे २४.७५. एवढ्याशा फरकानं लेस पॉलच्या तारा बोटांना थोड्या मऊ लागतात. पण ती बहुधा वजनदार असते, आणि हातातून पडली तर मागे कललेल्या डोक्यापाशी मोडण्याची भीती असते.

मग मोठे वादक काय वाजवतात, ते पाहून ठरवावं का? एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेत लेस पॉल अशी वाजवली, की विक्रीअभावी बंद पडलेली ती गिटार १९६८ मध्ये पुन्हा बाजारात आली. तोवर तिला मागणी वाढली होती. पुढे क्लॅप्टन स्वतः मात्र स्ट्रॅटोकास्टरकडे वळले. जिमी पेज म्हटलं की डोळ्यांपुढे लेस पॉल येते. पण त्यांचा १९७१ चा सर्वांत गाजलेला एकल तुकडा फेंडरच्याच टेलिकास्टरवर वाजवलेला आहे. भिंतीवरचं पोस्टर पाहून गिटार निवडू नये, ते यासाठी.

मी कविता लिहितो. तिथेही हेच आहे. गझल काफियानं बांधून घेते, पण शेर लक्षात राहतो. मुक्तछंद मोकळं सोडतो, पण ओळ सैल पडण्याचा धोका असतो. गुण तर दोघांतही आहेत. रोज कोणती अडचण सोसवेल, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. गिटारीचंही तसंच. घरघर चालेल, की खांद्यावरचा भार?

म्हणून दुकानात मुलांना बरोबर न्या. बसून वाजवू द्या, मग पट्टा खांद्यावर टाकून उभ्यानं वाजवू द्या. महागडं नावच हवं असं नाही. फेंडरचीच स्क्वायर आणि गिब्सनचीच एपिफोन बऱ्याच स्वस्तात मिळतात. सगळे पैसे गिटारीवर संपवू नका. अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर ती जवळजवळ मुकीच. आणि मुलांना एवढंच विचारा, हिची कोणती गोष्ट खटकते? उत्तर ऐकून, ‘ती चालेल का?’ असं पुन्हा विचारा. ‘चालेल’ म्हणाली, की पैसे द्या.