आंदर मावळातील दोन दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली, "यंदा तुमची ती मासे धरायची सहल सांगा." मी काही वक्ती नव्हे. पण त्या दोन दिवसांत जे पाहिले त्याचा संबंध आपल्या कुरुळीच्या नदीशी आहे, म्हणून उभी राहिले.

आळंदीची कार्तिकी वारी आटोपली आणि एक शनिवार-रविवार साधून आम्ही पाच जणी आंदर मावळात, ठोकळवाडीच्या जलाशयावर गेलो. घरी विचारले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देवाला जाता तर एक वेळ ठीक. रानात राहायचं, आणि तेही मासे धरायला?" त्यांना काळजी वाटली, यात नवल नाही. पण घरचे पुरुष चौघे जमून रात्रभर धरणावर बसतात, तेव्हा त्यांना कुणी कारण विचारीत नाही, एवढे मी हळूच बोलले. मग दोन दिवसांची भाजी निवडून ठेवली, दूधवाल्याला सांगितले आणि रजा मिळाली. निघताना लसणाची चटणी सासूबाईंनीच बांधून दिली.

चाकणहून तळेगाव, पुढे कान्हे फाटा, टाकवे, वडेश्वर. त्यापुढे गाडी सोडली आणि बिऱ्हाड पाठीवर घेतले. पहिल्या चढावरच कळले की संसारात आपण किती अडगळ बाळगतो! एका वहिनींच्या पिशवीत लोणच्याची काचेची बरणी निघाली. ती आम्ही आळीपाळीने वाहिली, पण वहिनींना बोल लावला नाही, कारण जेवताना तिचीच आठवण होणार होती.

डोंगर उतरून पाणी दिसले तेव्हा सगळ्या गप्प झालो. चहूकडे सह्याद्री आणि मध्ये निळे पाणी. हे तळे मात्र निसर्गाने केलेले नाही. टाटांनी विजेसाठी हे धरण बांधले, आणि घाटाखाली भिवपुरीला 1922 पासून या पाण्यावर वीज होते. पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात उतरवतात.

मासे धरायची परवानगी आधीच काढली होती. गळ कसा टाकावा हे मात्र एकीलाही ठाऊक नव्हते. जवळच्या वाडीतल्या एका ठाकर आजींनी आम्हाला शिकवले. कणकेची गोळी घट्ट कशी वळायची, दोर हाताला कसा लागू द्यायचा, आणि मुख्य म्हणजे तोंड बंद कसे ठेवायचे! हे शेवटचे आम्हाला सर्वांत जड गेले.

आमच्यातल्या एक काकू माळकरी. त्या गळाला शिवल्या नाहीत. चूल आणि चहा त्यांनी सांभाळला. पहिले दोन मासे लागले ते चिलापी. ही जात आपल्याकडची नव्हे, 1952 साली ती परदेशातून भारतात आणली. आता ती जिकडेतिकडे झाली आहे. तिसऱ्यांदा दोर जोरात ओढला गेला. वर आला तो वीतभर मासा, मोठमोठ्या सोनेरी खवल्यांचा, ओठांशी चार मिशा. आजी म्हणाल्या, "हा महाशीर. पोर आहे अजून. सोडा त्याला." काकूंनी चुलीपासून हात जोडले. आजी पोटासाठी मासे धरतात, काकू मासा खात नाहीत, आणि दोघींचे मत एकच पडले. मासा पाण्यात सोडला तेव्हा क्षणभर तो हातातच थांबला, मग निसटला.

घरी आल्यावर मी या माशाविषयी वाचले. आपल्या दख्खनी महाशीराचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली केले, आणि तो मासा त्याला मिळाला होता पुण्याच्या मुळा-मुठेत! आज त्या नदीची दशा आपण पुलावरून जाताना नाकाला पदर लावून पाहतोच. महाशीराला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. नद्यांतून तो कमी होऊ लागला म्हणून लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांनी 1970च्या दशकापासून त्याची पैदास चालविली आणि लाखो बोटुकली ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली.

आता आपल्या दाराशी येते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. आंद्रा नदी तिला मावळातच मिळते. आपल्या शेजारी निघोज्याच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडसाठी रोज जे पाणी उचलतात, ते आंद्रा धरणातून नदीत सोडलेले असते. म्हणजे मावळच्या डोंगरातले पाणी आपल्या वेशीवरून जाते. पण त्याच इंद्रायणीवर, इथून थोडे खाली आळंदीला, ऐन वारीत पांढरा फेस तरंगताना आपण पाहिला आहे. वारकरी त्यातच स्नान करतात. वर मावळात आम्ही ओंजळीने तोंड धुतले, गार पाण्याने दात वाजले. खाली आळंदीला पाय बुडवताना मन कचरते. नदी तीच आहे. मध्ये कारखाने आहेत, गावांची गटारे आहेत, आणि निर्माल्याची पिशवी पुलावरून टाकणाऱ्या आपणही आहोत.

कारखान्यांना जाब विचारणे सरकारचे काम आहे. पण आपल्या आळीचे गटार कुठे जाते, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे आपल्या हातात आहे. गेल्या महिन्यात मी विचारले. उत्तर नीट मिळाले नाही. पुढच्या सभेला माझ्याबरोबर दहा जणी आल्या तर ते मिळेल असे वाटते. आणि यंदाच्या हळदीकुंकवाचे निर्माल्य नदीत न टाकता मंडळाच्या अंगणात खड्डा करून त्याचे खत करावे, अशी माझी सूचना आहे.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचे ठरते आहे. पावसाळ्यात मात्र नाही. 2024 साली लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसे पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली, ते विसरू नये. ज्यांना यायचे त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. सासूबाईंनी आपले नाव पहिले घातले आहे. मासे धरणार नाही, पण पाणी पाहायचे आहे, असे त्या म्हणतात.