सुटींतील खेळ आणि पहिलीं दहा मिनिटें

वैशाख लागला कीं धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा आणि त्याच्या आसपासचीं गांवें मुलांच्या आवाजानें भरून जातात. पुणें, मुंबई, सोलापूर अशा शहरांत शिकणारीं नातवंडें आजोळीं येतात आणि गांवच्या मुलांत मिसळून जातात. सकाळीं विहिरींत पोहणें, दुपारीं आंब्याच्या नाहीं तर चिंचेच्या झाडावर चढणें, संध्याकाळीं शाळेच्या मैदानावर खोखो किंवा कबड्डी आणि मधल्या वेळांत विटीदांडू, असा त्यांचा दिनक्रम असतो. वर्षभर चार भिंतींच्या आड बसलेल्या मुलांना हा मोकळेपणा मिळावा, हें सर्वथा इष्ट आहे. परंतु ज्या शरीराला दहा महिने बसून राहण्याची सवय जडली, त्याला एकाएकीं धावण्याचें व उड्या मारण्याचें काम पडलें म्हणजे पाय मुरगळणें, हात मोडणें, गुडघे फुटणें हे प्रकार ओघानेंच येतात.

मूल पडतें तेव्हां भोवतीं बहुधा चार मोठीं माणसें असतात आणि चौघांचे हात एकाच वेळीं पुढें येतात. एक जण त्याला उचलून उभें करतो, दुसरा पाय ओढून पाहतो, तिसरा तेल चोळूं लागतो आणि चौथा तोंडांत पाणी घालतो. प्रत्येकाच्या मनांत मायाच असते. तथापि पडण्यानें जेवढें नुकसान होतें, त्याहून अधिक नुकसान कित्येकदां पहिल्या दहा मिनिटांत या मायेच्या हातांनीं होतें. म्हणून सुटींतील इजांविषयीं पहिला धडा असा, कीं मोठ्यांनीं आधीं हात आवरावेत, मुलाकडे नीट पाहावें, त्याला विचारावें आणि मगच कांहीं करावें.

धाराशिव जिल्हा खोखोसाठीं नांवाजलेला आहे. या जिल्ह्यांतील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या महिला संघानें २०१६ सालीं गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. असें उदाहरण डोळ्यांपुढें असल्यावर गांवोगांवच्या मुलामुलींना या खेळाची ओढ लागावी, यांत नवल नाहीं. पण खोखो हा एकाएकीं थांबण्याचा, वळण्याचा आणि सूर मारण्याचा खेळ आहे. हुलकावणी देतांना शरीराचा सारा भार क्षणभर एका पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. त्याच क्षणीं मैदानावरचा सुटा मुरूम पायाखालून सरकला, तर पाऊल आंतल्या बाजूस वळतें आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात. यालाच पाय मुरगळणें म्हणतात.

मुरगळलेल्या पायाची सूज ही आंतील बारीक रक्तवाहिन्या फुटून झरणाऱ्या रक्ताची आणि पाण्याची असते. अशा वेळीं तेल लावून जोरानें चोळलें किंवा गरम शेक दिला, तर तें झरणें वाढतें. पहिले दोन दिवस चोळणें व शेकणें ही दोन्ही वर्ज्य समजावींत. पाय उशीवर उंच ठेवावा, रुंद पट्टी बोटें थंड किंवा बधिर पडणार नाहींत इतपतच आवळून बांधावी आणि बर्फ फडक्यांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटें धरावा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवूं नये. शेतावर बर्फ मिळत नसेल, तर माठांतील पाण्यांत भिजविलेलें फडकें वारंवार बदलून ठेवावें.

नुसता पाय मुरगळला आहे कीं हाड मोडलें आहे, हें ओळखावें कसें? १९९२ सालीं कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं यासाठीं एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. लंगडत कां होईना, चार पावलेंही टाकतां येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांच्या मागच्या कडेवर वा टोकावर बोट दाबतांच कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढावें. पाऊल टाकवतच नसेल, तर आग्रह करूं नये. ‘टाकवत नाहीं’ हेंच उत्तर समजावें. लहान मुलांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या कूर्चेचा एक थर असतो आणि तो भोवतालच्या अस्थिबंधांहून नाजूक असतो. म्हणून मोठ्या माणसाचा जेथें नुसता पाय मुरगळतो, तेथें मुलाची ही कूर्चा दुखावलेली असूं शकते. हाडावर दाबून दुखत असेल, तर ‘मुरगळलें आहे, बसेल आपोआप’ असें म्हणून दिवस काढूं नयेत.

आतां सर्वांत गंभीर इजेकडे वळावें लागेल. मूल झाडावरून किंवा धावतांना पडलें म्हणजे स्वतःला सांवरण्यासाठीं हात पुढें टेकतें. त्या धक्क्यानें कधीं मनगटाजवळचें, तर कधीं कोपराच्या जरा वरचें हाड मोडतें. कोपराचा हा मोड पांच ते आठ वर्षांच्या मुलांत विशेष आढळतो. त्या जागेच्या अगदीं पुढूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतु जातात. अशा हाताला गांवोगांवीं अजूनही ओढून ‘हाड बसविण्यांत’ येतें आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी घट्ट आवळली जाते. हाड बसविणाऱ्या कित्येकांच्या हाताला सराव असतो, हें खरें. परंतु हाडाचें टोक रक्तवाहिनीवर टेकलें आहे कीं नाहीं, हें हातानें चांचपून कळत नाहीं. आंत सूज वाढत असते, वरून पट्टी ढिली होत नाहीं आणि मधल्या मधें स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो.

असे स्नायु पांच-सहा तासांहून अधिक काळ रक्तावांचून राहिले, तर ते कायमचे निकामी होऊं लागतात. पुढें ते आखडतात, मनगट वाकतें आणि बोटें पंजासारखीं आंत वळून राहतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यानें १८८१ सालीं या विकाराचें कारण मांडलें आणि वैद्यकांत तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. कारण कळून शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी केवळ एका घट्ट पट्टीपायीं आयुष्यभर लेखणी न धरतां येणारीं मुलें अद्याप पाहावयास मिळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून मोडलेला हात ओढूं नये, सरळ करूं नये, चोळूं नये. तो ज्या स्थितींत आहे त्याच स्थितींत एखादी घडी केलेली चादर किंवा जाड मासिक खालीं आधाराला द्यावें आणि ओढणीची किंवा धोतराच्या तुकड्याची झोळी करून तो गळ्यांत अडकवावा. बांगड्या, कडीं, दंडावरचा गंडा हीं सूज चढण्यापूर्वींच काढून घ्यावींत. मग नखाची परीक्षा करावी. नख दाबून पांढरें करावें आणि सोडावें. साधारण दोन सेकंदांत तें पुन्हां गुलाबी झालें पाहिजे. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यानंतर वेदना कमी होण्याऐवजीं वाढत चालल्या, बोटें थंड, फिकट वा बधिर पडलीं, अथवा दुसऱ्यानें तीं हलकेच सरळ करूं जातांच मूल किंचाळलें, तर सकाळची वाट पाहूं नये. पट्टी असल्यास ती तेव्हांच सोडावी आणि प्लास्टर असल्यास रात्रींबेरात्रींही रुग्णालय गांठावें. लोहाऱ्यास ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील शस्त्रक्रियेसाठीं सोलापूर व लातूर येथें मोठीं शासकीय रुग्णालयें आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य मिळते.

उन्हाळ्यांत विहिरींचें पाणी खालीं जातें, पण मुलांची उडी गतवर्षींचीच असते. डोक्याकडून सूर मारला आणि खालीं खडक लागला, तर मानेचे मणके मोडतात. झाडावरून पडलेल्या मुलालाही हाच धोका असतो. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा मूल बेशुद्ध असेल, तर त्याला उठवून बसवूं नये. डोकें व मान दोन्ही हातांनीं स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. मात्र श्वास बंद असेल, तर वाट पाहूं नये. तोंडानें श्वास देणें आणि छाती दाबणें तात्काळ सुरू करावें. पोट दाबून पाणी काढण्यांत वेळ घालवूं नये.

डोक्याला मार लागल्यावर मूल रडलें आणि पुन्हां खेळूं लागलें, तरी त्या दिवशीं त्याला खेळूं देऊं नये. पुढील चोवीस तास त्याच्यावर लक्ष ठेवावें. वारंवार ओकारी, वाढती डोकेदुखी, अवेळीं ग्लानि, असंबद्ध बोलणें, झटका, कानांतून किंवा नाकांतून रक्त वा पाणी येणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें, तर तें तातडीचें समजावें.

विटीचा मार डोळ्यावर बसला तर डोळा चोळूं नये, दाबूं नये आणि त्यांत दूध, तूप किंवा घरांतील जुनें औषध घालूं नये. डोळ्यावर न टेकेल अशा रीतीनें कागदाचा पेला उपडा ठेवून नेत्रवैद्याकडे जावें. कायमचा दांत मुळासकट पडला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मातकट असल्यास क्षणभर पाण्यानें धुवून पुन्हां जागेवर बसवावा किंवा दुधांत ठेवून अर्ध्या-पाऊण तासांत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये.

खरचटलेल्या गुडघ्यावर माती, चुना किंवा तंबाखू लावणें म्हणजे जंतूंना निमंत्रण देणें होय. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानें दहा मिनिटें न उघडतां दाबून धरावें; मग भरपूर स्वच्छ पाण्यानें आणि साबणानें जखम धुवावी. शेणामातीशीं संबंध आलेल्या जखमेंत धनुर्वाताचें भय असतें. मुलाची लस झाली आहे कीं नाहीं, हें आजोळीं ऐन वेळीं कोणाला आठवत नाहीं. म्हणून लसीकरणाच्या नोंदीची प्रत कपड्यांबरोबरच पेटींत घालावी.

शेवटीं उन्हाचा विचार करावयास हवा. एप्रिल-मे महिन्यांत या भागांत पारा ४० अंशांच्या वर जातो. खेळतां खेळतां मूल गळून गेलें, त्याला मळमळूं लागलें, पायांत पेटके आले, तर त्याला सावलींत निजवून थोडें थोडें मीठ-साखरेचें पाणी द्यावें. एक लिटर पाण्यास सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हें प्रमाण आहे. परंतु अंग तापून मूल बरळूं लागलें किंवा शुद्ध हरपूं लागली, तर तो उष्माघात होय आणि त्यांत प्राणावर बेततें. त्या वेळीं तोंडांत कांहीं घालूं नये. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हें थांबवूं नये. तापाच्या गोळीचा येथें उपयोग होत नाहीं.

या सर्वांवर उपाय म्हणून मुलांना घरांत कोंडून ठेवणें शहाणपणाचें नाहीं. खेळ सकाळीं आणि उन्हें कललीं म्हणजे खेळावेत. मैदानावर पाणी मारून सुटा मुरूम झाडून घ्यावा. पहिला आठवडा बेतानें खेळून शरीराला सवय होऊं द्यावी. विहिरींत उतरण्यापूर्वीं जाणत्यानें तळ पाहून घ्यावा. आणि इतकेंही करून कोणी पडलेंच, तर चार हातांपैकीं एकानें रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्यानें सावली धरावी, तिसऱ्यानें मुलाशीं शांतपणें बोलावें आणि चौथ्यानें तेलाची वाटी परत घरांत नेऊन ठेवावी. एवढें झालें तरी पुष्कळ झालें.